साहेबासमोर उभं राहून

“उभा राह्य नं!” नर्मदाबाईने गुणवंतच्या कमरेत बोट खुपसलं. “साहेबासमोर बसून बोलतेत काय?”

माइक गुणवंतच्या हातात आला होता. सिव्हिल लाइन्सच्या त्या सरकारी हॉलमध्ये दोनशे खुर्च्या, आणि समोर स्टेजवर भोपाळहून आलेले साहेब. अपंगांच्या पेन्शनचे नियम बदलायचे होते, म्हणून सरकारने अपंगांनाच सूचना द्यायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणून नर्मदाबाईने सकाळी पोराच्या शर्टाला इस्त्री केली, स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि अधारतालच्या घरापासून त्याची तीनचाकी सायकल मागून ढकलत आणली.

बोलावण्यासोबत घरी आलेला नव्या नियमाचा कागद इथे प्रत्येक खुर्चीवरही ठेवला होता. गुणवंतने तो घरीच तिला दोनदा वाचून दाखवला होता. दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय जो उभा राहू शकत नाही, त्याचं पेन्शन चालू राहील. जो राहू शकतो, त्याचं थांबवून फेरतपासणी. पोलिओने दोन्ही पायांतला जोर नेलेला गुणवंत याच कलमाविरुद्ध बोलायला आला होता. फॉल-पिकोच्या मशीनवर बसून त्याने आठ दिवस दोन वाक्यं घोकली होती.

कागद तिला समजला होता. पण मास्तर असो, डॉक्टर असो, साहेब असो, त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं, हे तिच्या हाडात होतं. पोराच्याही हाडात तिनेच घातलं होतं.

गुणवंतने माइक काखेत दाबला. समोरच्या खुर्चीची पाठ धरली, एक पाय ताणला. पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरची कडी गुडघ्यावर खट् करून बसली. मग दुसरा. खट्. दंडाच्या शिरा तटतटल्या आणि तो उभा राहिला. बेचाळीस वर्षांचा माणूस, मानेवरून घाम गळत असलेला.

“साहब,” काखेतल्या माइककडे मान वाकवून तो म्हणाला, “आदमी खड़ा हो सकता है क्या, ये मत पूछो. खड़ा होके क्या कर सकता है, ये पूछो. मैं खड़ा हुआ तो खंभा हूँ. मेरे सामने पानी का गिलास रख दो, मैं प्यासा मर जाऊँगा, हाथ नहीं छोड़ सकता.”

हॉल हसला. मग टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. “वाह! यही हिम्मत चाहिए,” ते म्हणाले. “बैठिए, बैठिए.”

गुणवंतला बसता येईना. कड्या हाताने वर ओढल्याशिवाय गुडघा वाकत नाही, आणि हात सोडले तर माणूस तोंडावर पडतो. एका पोऱ्याने तेवढ्यात मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. नर्मदाबाई खाली वाकली, एक कडी ओढली, दुसरी ओढली. तो धपकन खुर्चीत पडला.

“बरोबर बोललो नं, आई?”

“बरोबर बोलला.”

ती सरळ झाली तेव्हा बाजूला कचेरीतला बाबू उभा होता, हातात रजिस्टर. नाव विचारलं, गाव विचारलं, प्रमाणपत्रावरचा टक्का विचारला, लिहिलं. नर्मदाबाई अक्षर जोडून जोडून वाचायची. तिने वाचलं. शेवटच्या रकान्यात होतं: खड़े होकर बोले.

“भैया, ये काहे लिखा?”

“जो देखा, वो लिखा अम्मा. भोपाल जाएगा.”

“अरे, कुर्सी पकड़ के खड़ा था वो!”

“कुर्सी आदमी थोड़ी है.” बाबू चांगला माणूस होता, आवाजही चढवला नाही त्याने. “आपने पकड़ा था क्या? पकड़ा हो तो बोलो, अभी काट देता हूँ.”

नर्मदाबाईने तोंड उघडलं. खोटं बोलायला एवढंच लागत होतं, हो म्हणायचं. पण बाबू डोळ्यांत बघत होता, आणि तिने धरलं नव्हतं. तिने बोट खुपसलं होतं.

बाबू पुढच्या रांगेकडे गेला.

“काय म्हणे तो?” गुणवंतने विचारलं. तो अजून धापा टाकून राहिला होता. खुश होता.

“काही नाही. नाव लिहून राहिला.”

पुढचे कोण कोण बोलले, ते तिला ऐकू आलं नाही. तिने लुगड्याचा काठ हातात घेतला. बोट तेवढं तिला दिसत होतं, उजव्या हाताचं. ते तिने काठात गुंडाळून ठेवलं.

मग साहेब उठले. जेवायची वेळ झाली होती.

साहेब उठले म्हणून पहिली रांग उठली. मागच्या रांगांतून आवाज यायला लागले. खट्. खट्. कुठे कुबडी आपटली, कुठे कोणी खुर्चीची पाठ धरून स्वतःला वर खेचलं. खट्. कोणी सांगितलं नव्हतं. साहेब जाताना बसून राहतं का कोणी? भिंतीशी उभ्या बाबूने पेनचं टोपण काढलं आणि रजिस्टर उघडलं.

गुणवंतचा हात समोरच्या खुर्चीकडे गेला.

नर्मदाबाईने त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि सगळ्या वजनाने दाबला.

“बस.”

“अवं आई, साहेब—”

“बस म्हणलं नं.”

साहेब त्यांच्या रांगेपाशी आले. बाबू पुढे धावला. “अम्मा, वो नहीं तो आप तो उठिए. आप तो ठीक हैं.”

नर्मदाबाईने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“नहीं उठा जाता, भैया,” ती म्हणाली. “लिख लो.”