नात्याचा रकाना

सगळ्या चाचण्या हिरव्या होत होत्या आणि एकच लाल झाली.

नीरजाने जेवणाचं ताट बाजूला सारलं. काशीला येऊ न शकणाऱ्यांसाठी इथे तर्पण करवून देणाऱ्या एका ॲपची ती टेस्टर होती. काम ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घरूनच चाले. सर्व्हरकडून आलेल्या उत्तरातला प्रत्येक रकाना ठरल्या प्रकारचा आहे ना, एवढंच तिची चाचणी बघायची. वय आकड्यात, तारीख तारखेसारखी, नाव अक्षरांत. नाव खरं की खोटं, याच्याशी चाचणीला काही देणंघेणं नसे. 'अबक' लिहिलं तरी ती खूश.

लाल झालेला रकाना 'मृताशी नातं' हा होता. तिथे अक्षरं हवी होती. आलं होतं नल, म्हणजे काहीच नाही. पत्नी, मुलगी, बहीण, सून अशी लांबलचक यादी समोर असताना, कोणा नीलकंठरावांचं तर्पण करवून घेणाऱ्या नंदा नावाच्या बाईंनी त्यातलं काहीही निवडलं नव्हतं.

"रिजेक्ट कर देते हैं," कुणाल फोनवर म्हणाला. सर्व्हरचं काम त्याच्याकडे होतं. "डेटा ही गलत है."

"कल सर्वपितृ अमावस्या है, कुणाल. फिर साल भर बाद आएगी."

"तो उनसे कुछ भी भरवा लीजिए, नीरजा जी. स्ट्रिंग चाहिए, बस, कोई भी अक्षर."

तिने बाईंना फोन लावला. संगमनेरचा नंबर होता.

"नमस्कार, काशीहून बोलतेय. उद्याच्या तर्पणासंबंधी."

"तुम्ही मराठी आहात?" पलीकडचा आवाज वयस्कर होता, आणि एकदम सैल झाला.

नीरजालाही बरं वाटलं. या गल्लीत मराठी घराच्या आतच बोलली जाते, आणि बाबा गेल्यापासून तिच्या घरात ती एकटीच होती. फोन जरा लांबावा असं तिला उगाचच वाटलं.

"यादीतलं नातं निवडायचं राहिलंय तुमचं."

"राहिलं नाही हो. दोनदा वाचली यादी. आम्ही नाही त्यात."

"मग मित्र लिहू का?"



"नीलकंठरावांच्या घरी सगळं यथासांग झालंय," बाई म्हणाल्या. "मुलं चांगली आहेत त्यांची. मला दहाव्याला जाता आलं नाही, एवढंच. कुठल्या तोंडाने जाणार? कचेरीत जन्मभर साहेबच म्हटलं मी त्यांना, सगळ्यांच्या देखत. आता त्यांच्या नावाने थोडं पाणी पडावं, आणि ते पडताना तरी काही खोटं बोललं जाऊ नये. जमत नसेल तर राहू द्या."

"जमेल," नीरजा म्हणाली. कसं ते तिला तोवर ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर ताटातला भात गार झालेला दिसला. तिला बाबांचं तर्पण आठवलं. घराण्यातली सगळी नावं संपली की ते आणखी एक ओंजळ सोडायचे, ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. लहानपणी तिने विचारलं होतं, ही कोणाची? बाबा म्हणाले होते, जो घेईल त्याची. आणि त्याच बाबांच्या मुलीने नियम लिहिला होता की नात्याचा रकाना रिकामा असता कामा नये. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने एक ओळ बदलली. नातं अक्षरांत असेल किंवा नसेलच, दोन्ही बरोबर. चाचणी हिरवी झाली.

कुणालचा मेसेज आला, 'नल अलाउ क्यों?'

'क्योंकि होता है,' तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच घाटावर गेली. गंगा अजून चढलेलीच होती, खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. दत्तात्रेयकाका गुडघाभर पाण्यात उभे होते. ते बाबांच्या बरोबरीचे, ॲपची तर्पणं हल्ली तेच करायचे. नीरजाने फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्या साडीतल्या नंदाबाई ताठ बसल्या होत्या. मागे भिंत होती, बाकी कोणी नव्हतं.

काकांनी गोत्र म्हटलं, नाव म्हटलं आणि कागदाकडे बघून थांबले.

"बेटा, इथे नातं लिहिलंच नाहीये. काय बोलू?"

"काही बोलू नका, काका. तेवढं सोडून द्या."

"अगं, असं कसं? एवढी जागा रिकामी राहते."

"राहू दे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. काळे तीळ आणि पाणी हातात धरून, नात्याचा शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते गप्प राहिले.

त्या वेळात फोनमधून आवाज आला. अगदी हळू, घरातल्या घरात हाक मारावी तसा.

"अहो."

आई गेल्यापासून नीरजाने ही हाक ऐकली नव्हती. स्वतः तर कधी कोणाला मारलीच नव्हती. तिने फोन पाण्याच्या आणखी जवळ नेला.

काकांनी पाणी सोडलं.