नको असेल तर कळवा

“ती शेवटची ओळ काढून टाका,” भाऊजी म्हणाले. “‘नको असेल तर कळवा.’ लोकांना हे असलं कशाला सुचवायचं?”

नव्या कंपनीचा माणूस सभासदांना पाठवायचा मेसेज लॅपटॉपवर उघडून काउंटरवर बसला होता. काउंटरमागे वहिनी कुणाच्या तरी पोहायच्या गॉगलचा पट्टा बसवत होती. तलावावर सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण मालक तिचा दीर. फक्त सकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये तिला ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या बाईंसारखं. ते तिला आवडायचं.

सभासद नाव घालताना बँकेला एकदाच परवानगी देत; मग फी महिन्याच्या महिन्याला आपोआप कापली जाई. पैसे गोळा करून देणारी मध्ये एक कंपनी होती. भाऊजींना आता तिच्याहून स्वस्त कंपनी सापडली होती आणि सगळ्या परवानग्या जुनीकडून नवीकडे हलवायच्या होत्या.

“सर, परत सह्या घ्यायच्या नाहीत, हे खरं,” माणूस म्हणाला. “पण कळवावं लागतं. बँकेच्या नोंदीत उद्या आमचं नाव दिसणार. न सांगता हलवलं तर लोक चोरी समजून बँकेत धावतात.”

“अहो, निम्मे लोक वर्षानुवर्षं पाण्याला पाय लावत नाहीत. ते विसरलेत म्हणून तर तलाव चालतोय. झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं, का हो, झोपायचंय का?” स्वतःच्याच विनोदावर भाऊजी खळखळून हसले. माणूसही हसला, पगारापुरतं. “एकदा हो म्हटलंय ना? मग परत परत काय विचारायचं!”

वहिनीच्या हातात पट्टा तटकन तुटला.

सकाळीच, चहाच्या वेळी, भाऊजींनी जाहीर केलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा तलाव होतोय. एक तारखेपासून वहिनी तिथल्या काउंटरवर. इथली बायकांची बॅच पगारी कोचकडे.

“मला विचारलं नाहीत,” ती म्हणाली होती.

“तुम्हाला काय विचारायचं, वहिनी? तुम्ही घरच्याच.”

तिचा नवरा कपात डोकावत राहिला, जणू चहात कुणी बुडत होतं.

ती बॅच तिने उभी केली होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला. तलाव बंद झाल्यावर काठ धरून, नाकातोंडात पाणी जाऊन, ठसकत ठसकत ती एकटीच शिकली. म्हणून घाबरणाऱ्या बाईची नजर तिला बरोबर कळे. “काठ सोडा, मी आहे,” असं ती म्हणायची, आणि साठीच्या बायकासुद्धा काठ सोडायच्या. आता त्यांना कोण सांगणार, मी नाही म्हणून?

“एक शंका आहे,” माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला. “सभासद क्रमांक एक. पुढे ‘चाचणी’ लिहिलंय. पण परवानगी चालूच दिसतेय. दर महिन्याला फी कापली जातेय.” त्याने नाव वाचलं. वहिनीचं.

तिला आठवलं. तलाव नवा होता, एकही सभासद नव्हता. पैसे खरंच कापले जातात का, ते बघायचं होतं. भाऊजी म्हणाले होते, वहिनी, तुमच्या खात्यावर करून बघू, उद्या बंद करून टाकतो. तो उद्या काही उजाडला नव्हता. आणि त्या खात्यात होती तिच्या शिवणकामाची कमाई.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. “घ्या! म्हणजे वहिनी नुसत्या फुकट राबत नव्हत्या, वर फीपण भरत होत्या!” हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जाऊ दे हो वहिनी, घरचे पैसे घरातच.”

ती उठली आणि पंपाच्या खोलीत गेली. घरात काहीही पेटलं की नवरा तिथल्या घरघरीआड जाऊन बसे. आताही होता. तिने पंपाचं बटण बंद केलं.

“पासबुक तुम्ही भरून आणता. दिसलं नाही कधी?”

“दिसलं,” तो म्हणाला. शांततेत त्याचा आवाज फारच बारीक निघाला. “म्हटलं, आपल्यातच जातंय. उगाच कशाला विषय काढायचा?”

तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. तिने बटण चालू केलं. बसा म्हणावं इथेच.

बाहेर माणूस भाऊजींना समजावत होता, ती ओळ असल्याशिवाय आमच्याकडून मेसेज जातच नाही.

“पाठवा मग,” भाऊजी करवादले. “तलाव आटला तर वहिनी बादलीने भरतील.”

मेसेज गेला. पोहणाऱ्यांनी काउंटरवर ठेवलेल्या सगळ्या फोनांबरोबर वहिनीच्या पिशवीतला फोनही वाजला. सभासदच होती ती.

संध्याकाळी भाऊजी घाम पुसत आले. “किती गळाले?”

“कुणी फारसं बोललं नाही,” वहिनी म्हणाली. “बायकांनी लिहिलंय, चालू ठेवा. एकीने लिहिलंय, उद्यापासून परत येते.”

भाऊजींचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत ऐसपैस बसत ते म्हणाले, “मी उगाच घाबरलो. लोक देवमाणसं असतात हो. म्हणजे एकही ‘नको’ नाही?”

“एक आहे.”

“हात्तिच्या! एकाने काय तलाव आटतोय? जाऊ दे त्याला. कोण आहे?”

वहिनीने तलावाच्या चाव्यांचा जुडगा ओल्या काउंटरवरून त्यांच्यापुढे सरकवला. गळ्यातली शिट्टी तेवढी राहू दिली.

“सभासद क्रमांक एक.”