चौथी खाट

रुपरावभावजींनी लकडगंजच्या कबाड्याकडून जुना प्रोजेक्टर आणला, त्याच्यासोबत एकच रीळ मिळालं. परदेशातलं, हातानं काढलेलं, फिकट रंगांचं कार्टून. दर रविवारी दिवेलागणीला अंगणातल्या दोरीवर चादर टांगायची आणि तेच पुन्हा पाहायचं. जागा पुरत नसे, म्हणून अर्धी पोरं चादरीच्या मागून बघत.

चित्रातली अस्वलीण आपल्या तीन पिल्लांना पांघरूण घालते. चौथी खाट रिकामीच. मग ती कंदील उचलून आमच्याकडे बघत राहते, आणि रीळ संपतं.

"आई वं, ते चौथी खाट कोनाची?" माझी कुंदा दर वेळी विचारायची.

"तिच्याच लेकराची. तू काहून एवढा विचार करून राहिली?"

काल ती मांडीवरून कधी उठली, मला कळलंच नाही. "कुंदा कुठं गेली रे?"

"मागं गेली न, काकू," पुढची पोरं म्हणाली.

मी चादर बाजूला सारून मागच्या पोरांना विचारलं.

"येऊन राहिली होती, काकू. सावली दिसली आम्हाले. पण ह्या बाजूले निघालीच नाही."

मी पुढे येऊन पाहिलं. चौथ्या खाटेवरचं पांघरूण फुगलेलं होतं. बाहेर एक वेणी लोंबत होती, दुपारी मीच घातलेली, लाल रिबिनीची.

हाक मारायला मी तोंड उघडलं. अस्वलिणीनं कंदील बारीक केला, माझ्याकडे बघितलं, आणि लेकरू जागं होऊ नये म्हणून तोंडावर बोट ठेवलं.