गढूळ पाण्यातली मरळ

आनंदरावांच्या शेवटच्या पत्राला केशवरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. ‘तुमचा धीर कमी पडतो. एक तरी फोटो जमला का?’ जमला नव्हता. लिहिणार काय?

आनंदरावांचा फोटो १९७८ साली मासिकात छापून आला होता. सानगडीच्या तलावात, पाण्याखाली, पिल्लांची राखण करणारी मरळ. खवले मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. जवाहरनगरच्या कारखान्यात कारकुनी करणाऱ्या केशवरावांनी त्यांनाच गुरू केलं. गुरूंनी नागपूरहून पोस्टाने युक्त्या कळवल्या. कॅमेरा काच लावलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवा. ऊन डोक्यावर आलं की पाण्यात उतरा. गाळ खाली बसेपर्यंत हलू नका. माशाच्या मागे जाऊ नका, त्याला जवळ येऊ द्या.

केशवरावांनी सगळं केलं. पाच पावसाळे ते रविवारी एस.टी.ने सानगडीला जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. प्रत्येक फोटोत गढूळ पाणी, थोडे ठिपके आणि एक काळी सावली.

“पानीच गढूळ हाये, तुमी काय करान जी?” बायको सत्यभामा म्हणायची.

पण त्याच पाण्यात आनंदरावांना जमलं होतं. म्हणजे उणीव आपल्यातच.

पिल्लांची जागा दाखवायला गावातला मासेमार डोमा असायचा. आपल्याला असा फोटो हवाय, हे त्याला सांगायचीही केशवरावांना लाज वाटे. एका रविवारी मात्र त्यांनी मासिकाचं पान त्याच्यापुढे धरलं.

डोमा खदखदून हसला.

“हे त माहीच मरळ हाये, बाबूजी! जाळ्यात मेल्ती. सायबानं काचेच्या पेटीत दोऱ्यानं टांगली. पिल्लं बी मीच देल्ली.”

“नक्की?”

“पाहा ना. हे पिल्लायच्या वरतं हाये. जित्ती मरळ खालतं राह्यते, पिल्लायले वर ठेवून.”

केशवरावांनी पिशवीतून आपला एक फोटो काढला. बराच वेळ पाहिला. ठिपके वर होते. सावली खाली होती.

घरी त्यांनी चार कागद लिहिले आणि चारही फाडले. पाच वर्षांचा राग त्यांना लिहिता येईना.

सोमवारी त्यांनी आनंदरावांच्या पत्त्याचं पाकीट टपालपेटीत टाकलं. आत तो गढूळ फोटो होता. मागे एकच ओळ: ‘ही मरळ जिवंत होती.’