मेतकुटाची बाटली

मेतकूट शोधताना मी फळीवरची बाटली खाली काढली, तर तिच्यात माती. तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, दोऱ्याने करकचून बांधलेला.

एकतीस वर्षांपूर्वी गावामागच्या कातळसड्यावर आटलेल्या डबक्यातून मी ही माती खरवडून आणली होती. तिच्यात उताणं पोहणाऱ्या इवल्या कोळंबीची अंडी होती. माझी पीएच.डी. त्यांच्यावरच होती. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आईने ती पिठाच्या चाळणीने चाळून ठेवली. "खडे होते गं," म्हणाली. नमुना बिघडवला म्हणून मी तिला वाट्टेल ते बोलले आणि पाय आपटत पुन्हा सडा चढले.

राग निवल्यावर तिला समजावलं. या अंड्यांचं कवच त्यांच्या आईच्या पोटातच तयार होतं. तिथली ग्रंथी तपकिरी रस सोडते, तो अंड्याभोवती घट्ट होतो. मग डबकं आटून आई मेली, तरी अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

"म्हणजे डबा बांधून देऊन जाते म्हण की," आई म्हणाली होती.

आता बशीत बाटलीतली माती घेऊन मी वर साठवणीचं पावसाचं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी पाण्यात पांढुरके ठिपके झटके देत पोहू लागले. मी बशी घेऊन आईच्या खाटेशी गेले. तिला आता दिसत नाही. तिचं बोट धरून पाण्यात बुडवलं.

"आई, तू चाळलेल्या मातीतून पिल्लं आली गं!"

तिने तळाची माती चिमटीत धरून चोळली. "बघ," म्हणाली, "आहे का एक तरी खडा?"