सांबराची शिंगं कोणी तोडली?

चौकशीत मी निर्दोष सुटलो. पण ते अजून झालंच नाही असं समजा, कारण आत्ता मी, प्राणिसंग्रहालयात चारा घालणारा, नव्या साहेबांसमोर सांबराची गळालेली शिंगं धरून उभा आहे.

"तोडलीस ना? नोकरी गेली समज!"

"साहेब, दरवर्षी आपोआप गळतात. नर माद्यांसाठी झुंजतात, शिंगं तेवढ्यापुरतीच लागतात. मग नवी फुटतात, आधीपेक्षा मोठी."

"आमच्या म्हशीची कशी गळत नाहीत?"

"म्हशीची जन्मभराची असतात."

"मग ही चिकटव परत!"

कपाळावर हात मारला असता, पण दोन्ही हातांत शिंगं होती.

महिन्याने, माझी चौकशी चालू असतानाच, सांबराच्या डोक्यावर नव्या शिंगांचे मखमली कोंब दिसले. साहेबांनी ते निरखले, खाकरले आणि कुंपणावर नोटीस लावली:

"श्री. सांबर यांनी यापुढे शिंगे गाळण्यापूर्वी पंधरा दिवस आधी लेखी परवानगी घ्यावी, ही विनंती."