एकवीसचा फरक

"आजही जुळत नाहीये, अण्णा."

फोनवर अण्णांनी नुसतं "हं" केलं. ते निवृत्त होऊन सात महिने झाले होते. त्यांची खुर्ची, त्यांचं काम आणि त्यांची डोकेदुखी आता तिच्या वाट्याला आली होती. पुढच्या वर्षी डायलिसिसला किती रुग्ण येतील याचा अंदाज काढायचा. प्रत्येक केंद्राचा, मग विभागाचा, मग सगळ्यांचा मिळून.

अण्णांच्या पद्धतीत केंद्रांचे आकडे नुसते वर मिळवत जायचे. नवं सॉफ्टवेअर तिन्ही पातळ्यांचे अंदाज वेगवेगळे काढून मग त्यांचा मेळ घालायचं. तो मेळच बसत नव्हता. केंद्रांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा वीस-एकवीसनं जास्त भरत होती. आजचा चौथा दिवस. डोळे चुरचुरत होते, मान धरली होती.

"रिकामे महिने तपासलेस?"

"तपासले."

"सॉफ्टवेअरची आवृत्ती?"

"दोनदा बदलून झाली."

"मग वजनांत गडबड असेल. कुठल्या पातळीवर किती भरवसा ठेवायचा, ते आकडे बघ. सावकाश बघ. घाई कशाला?"

"साहेबांना पाचपर्यंत हवंय. तीसपेक्षा कमी रुग्णांची केंद्रं बंद करायची आहेत ना."

"ते दरवर्षीचंच आहे," अण्णा म्हणाले. "तू वजनं बघ."

तिनं दोन तास वजनं पाहिली. त्यात काही नव्हतं. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

शेवटी वैतागून तिनं अख्खी यादी छापली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन शाळकरी पोरीसारखी एकेक ओळ टिपत बसली. तिसऱ्या पानावर पट्टी थांबली. खिंडीपलीकडचं केंद्र. हे मघाशीच येऊन गेलं होतं की! तिनं पानं मागे उलटली. एकच केंद्र, उत्तर विभागातही आणि पूर्व विभागातही. तेच रुग्ण, त्याच तारखा. नावापुढे मात्र दोन्हींची बेरीज लागलेली, बेचाळीस.

तिनं एक ओळ उडवली आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालवून पाहिलं. तळापासून वरपर्यंत सगळं चोख जुळलं.

"सुटलो बुवा एकदाचे!" साहेब म्हणाले, आणि यादी सही करून तिच्यासमोरच पुढे धाडली.

जागेवर येऊन तिनं आधी अण्णांना फोन लावला. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू येत होतं.

"सापडलं, अण्णा! खिंडीपलीकडचं केंद्र दोनदा पडलं होतं. तुम्हीसुद्धा चुकता म्हणायचं!"

अण्णा हसले नाहीत. तिला वाटलं, त्यांना लागलं असावं.

"अहो, गंमत केली. एवढ्या मोठ्या यादीत होतंच असं."

"यादी गेली?"

"मघाशीच. सही होऊन. का हो?"

"आता तिथे किती दिसतात?"

"एकवीस."



"तिथून दुसरं केंद्र पाच तासांवर आहे गं," अण्णा म्हणाले. "आठवड्यातून तीनदा कोण जाणार? सहा वर्षं त्या एकवीस माणसांना मी बेचाळीस करून जगवत होतो."